गॅस भरणाऱ्या हाताला परवाना हवाच

एसी बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाला सक्तीचा परवाना असावा, असं कुणी म्हटलं की समोरून ठरलेली उत्तरं येतात. पुन्हा लायसन राज आणायचंय का? हातावर पोट असलेल्या पोरांच्या पोटावर पाय का देता? खिशात सरकारी कागद असला म्हणजे काम चांगलं होतं का? आणि बोलणारा थोडा वाचलेला असेल, तर तो सांगतो की अमेरिकेत परवान्यांचा अतिरेक झाला, तिथले अर्थतज्ज्ञच आता त्याविरुद्ध उभे आहेत आणि आपण मात्र तीच वाट धरायला निघालो आहोत. या आक्षेपांमागे वाईट हेतू आहे असं मी मानत नाही. ज्या पिढीने टेलिफोनसाठी आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली, तिला परवान्याची धास्ती वाटणं स्वाभाविक आहे. पण या बाबतीत ते आक्षेप भलत्याच जागी लावले जातात, आणि ज्या पोरांच्या नावाने ते घेतले जातात तीच पोरं त्याची किंमत मोजतात.

आधी आज काय चाललंय ते पाहू. एसी या यंत्रावर सरकारची नजर पुरेपूर आहे. २०१० पासून त्यावर ऊर्जाबचतीचे तारे सक्तीचे झाले. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू केला की तो आपोआप २४ अंशांवर आला पाहिजे, असा नियम झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गॅस भरलेले एसी आयात करण्यावर बंदी आली. वीजजोडणीचं काम करायचं तर राज्य सरकारचा परवाना असलेला विद्युत ठेकेदार, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक आणि परमिट असलेला तारतंत्री अशी उतरंड केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमांत आहे. लिफ्टसाठी आपल्याकडे १९३९ पासून कायदा होता, २०१७ मध्ये तो नव्याने झाला. एसीच्या बाबतीत मात्र यंत्र कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलं की कुणाच्याही हाती जातं. दाबाखालचा पेट घेणारा वायू, २३० व्होल्टचा पुरवठा आणि चौथ्या मजल्याचा छज्जा, या तिन्हींशी एकाच वेळी गाठ असलेल्या माणसाला काय येतं आणि काय येत नाही, हे कुणीही सक्तीने तपासत नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, सरकारी योजनांतले आणि कंपन्यांचे छोटे वर्गही आहेत. ते केलेच पाहिजेत असं बंधन नाही.

यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे, ग्राहक शहाणा आहे, मोबाइलवर रेटिंग आहे, वाईट मेकॅनिक आपोआप बाहेर फेकला जाईल. हे उत्तर देणाऱ्याने एकदा तरी स्प्लिट एसी बसवताना शेजारी उभं राहून पाहावं. इनडोअर भिंतीवर चढतो, आउटडोअर स्टँडवर बसतो, दोघांच्या मध्ये तांब्याच्या दोन नळ्या जातात. नळ्यांची टोकं फ्लेअर करून नट आवळले जातात. आता त्या नळ्यांत हवा आहे, आणि हवेत ओल आहे. योग्य पद्धत अशी की आधी कोरडा नायट्रोजन दाबाने भरून गळती तपासायची, मग व्हॅक्यूम पंप लावून नळी पूर्ण रिकामी करायची, पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागचा हलत नाही ना हे थांबून पाहायचं, आणि मगच आउटडोअरमधला गॅस सोडायचा. याला वेळ लागतो. पंप जड असतो, नायट्रोजनचं सिलिंडर त्याहून जड असतं, आणि जुन्या सोसायटीत लिफ्ट नसते. एप्रिल-मेमध्ये एकामागून एक कॉल लागलेले असतात. मग काय होतं? लिक्विडचा व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, आतल्या गॅसच्याच झोताने नळीतली हवा दुसऱ्या टोकाने बाहेर ढकलायची, नट आवळायचा. मिनिटाचं काम. गार हवा लागते, घरातली माणसं खूश होतात, रेटिंग पाचपैकी पाच.

नळीत मागे राहिलेली हवा दाब वाढवते आणि बिलही वाढवते. मागे राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलात मुरते, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते मोटरच्या वाइंडिंगचं आवरण खात राहतं. काही उन्हाळ्यांनी कॉम्प्रेसर बसतो. तेव्हा तो मेकॅनिक कुणाच्या आठवणीत नसतो. आजकालच्या मालात दम नाही, असं म्हणून घरातले नवा एसी घेतात. बाजाराला ज्या गोष्टीची किंमत करायची ती आधी दिसावी लागते. इथे चांगलं काम आणि वाईट काम बाहेरून अगदी सारखं दिसतं, दोन्हींतून त्या दिवशी गारच हवा येते. त्यामुळे व्हॅक्यूम पंप पाठीवर घेऊन चार मजले चढणारा इमानदार कारागीर आणि एका मिनिटात उरकणारा, दोघांना एकच भाव मिळतो. उलट इमानदार माणसाचे कॉल कमी होतात, म्हणजे त्याचं नुकसानच होतं. आजची मोकळीक मेहनती माणसाला अशी शिक्षा देते.

दुसरा आक्षेप मला जास्त आदराने घ्यावासा वाटतो. हे ज्ञान उस्तादाच्या हाताखाली मिळतं, शाळेत नाही. तुमचा परवाना या शिकलेल्या हातांना अडाणी ठरवेल, असा तो आहे. उस्तादांबद्दलचा भाग खरा आहे. आपल्या शहरांतले उत्तम मेकॅनिक हेल्पर म्हणून पाने-पकडी धुतधुतच वर आले आहेत. आवाजावरून कॉम्प्रेसरचं दुखणं ओळखणारे लोक आहेत. पण उस्तादाने जे शिकवलं ते आर-२२ या गॅसवर शिकवलं. त्या यंत्रात खनिज तेल असे आणि ते ओलावा फारसा धरत नसे, म्हणून झोताने हवा काढण्याची पद्धत वर्षानुवर्षं निभावून गेली. आर-२२ आता मोडीत निघतोय. त्याच्या जागी आधी आर-४१० आला, मग आर-३२. या यंत्रांतलं कृत्रिम तेल हवेतली ओल झपाट्याने शोषतं. आर-३२ चा चालू यंत्रातला दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो. आणि आर-२२ पेट घेत नसे, आर-३२ घेतो; सौम्य ज्वलनशील असला तरी घेतो. जी युक्ती उस्तादाच्या काळात फार तर आळशीपणाची होती, ती आज बंद खोलीत, पेटत्या ब्रेझिंग टॉर्चच्या शेजारी जळणारा वायू सोडण्याची कृती झाली आहे. यात उस्तादाचा दोष नाही. गॅस बदलला, आणि बदललेल्या गॅसबद्दल त्याला गाठून सांगण्याची जबाबदारी कुणावर टाकलीच नाही.

आणखी पुढचा टप्पा तर आपल्याच राज्यातून निघाला. गोदरेजने शिरवळच्या कारखान्यात आर-२९० वर, म्हणजे प्रोपेनवर, चालणारे एसी २०१२ च्या सुमारास बाजारात आणले. प्रोपेन म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या वायूचा भाईबंद. हवेत त्याचं प्रमाण सुमारे २ टक्क्यांच्या वर गेलं की ठिणगी पुरते. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो म्हणून गळती कळते. एसीतल्या प्रोपेनला तसा वास घातलेला नसतो. हवामानाच्या दृष्टीने तो वायू फार चांगला आहे. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत आर-२२ ची तापवण्याची ताकद सुमारे १८१० पट, आर-४१० ची २०८८ पट, आर-३२ ची ६७५ पट आणि प्रोपेनची अवघी ३ पट धरली जाते. म्हणून जग त्या दिशेने जाणार आहे, आणि जायलाही हवं. पण कमी तापवणारे हे वायू बहुधा जास्त पेटणारे आहेत. असे तापवणारे वायू कमी करण्यासाठी झालेल्या किगाली कराराला आपण २०२१ मध्ये मान्यता दिली. २०२८ मध्ये आपला एचएफसी, म्हणजे आर-४१० आणि आर-३२ च्या गटातल्या, वायूंचा वापर गोठवायचा आहे आणि २०३२ पासून तो टप्प्याटप्प्याने उतरवायचा आहे. यंत्रं बदलण्याचं वेळापत्रक दिल्लीत ठरलं. हात तयार करण्याचं वेळापत्रकही कागदावर होतं. मार्च २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट लिहिलं आहे. पण ज्या प्रमाणपत्रावाचून काहीच अडत नाही, त्यासाठी रोजंदारी बुडवून वर्गात कोण बसणार?

आता अमेरिकेचा मुद्दा. तो अर्धवट वाचून मांडला जातो म्हणून जरा सविस्तर घेतो. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्येच व्यावसायिक परवान्यांवर टीका केली होती. जुलै २०१५ मध्ये ओबामांच्या व्हाइट हाउसने अहवाल काढला. १९५० च्या दशकात पाच टक्क्यांहून कमी कामगारांना राज्याचा परवाना लागत असे, तो आता चौथ्या हिश्शाहून जास्त कामगारांना लागतो, असं त्यात म्हटलं होतं. ही टीका बऱ्याच अंशी रास्त आहे. कॅलिफोर्नियात एसीच्या ठेकेदाराला सी-२० हा परवाना लागतो. त्यासाठी चार वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि २५ हजार डॉलरचा हमी-बाँड हवा. टेक्सासमध्ये ठेकेदार व्हायला परवानाधारकाच्या हाताखाली ४८ महिने काढावे लागतात. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही. अॅरिझोनाने २०१९ मध्ये इतर राज्यांचे परवाने मानायला सुरुवात केली ती याच तक्रारींमुळे. उलट न्यूयॉर्क, इलिनॉय, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत राज्यपातळीवर असा परवानाच नाही, तिथे शहरं आपापलं बघतात.

पण हा सगळा वाद धंदा कुणी करावा या परवान्याचा आहे. त्याच्या खाली एक दुसरा थर आहे आणि त्याविरुद्ध तिथे असं रान उठलेलं नाही. स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८ खाली, नोव्हेंबर १९९४ पासून, शीतक वायूचं यंत्र उघडणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाला प्रमाणपत्र लागतं. न्यूयॉर्क असो की टेक्सास, सगळीकडे. त्याला अनुभवाची वर्षं लागत नाहीत, बाँड लागत नाही, नूतनीकरण नाही. प्रत्येक भागाला २५ प्रश्न, उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आयुष्यभराचं. ते का पाळलं जातं, हे नीट पाहण्यासारखं आहे. प्रमाणपत्र असल्याखेरीज दुकानदार तुम्हाला गॅसचं सिलिंडर विकू शकत नाही. घरोघर फिरणारा इन्स्पेक्टर लागत नाही, सगळी मेख दुकानाच्या काउंटरवर आहे. ऑस्ट्रेलियातही गॅस हाताळायला परवाना आणि विकायला वेगळी मान्यता लागते. मी मागतो आहे ते हेच. पहिल्या थराची चूक दाखवून दुसऱ्या थराला नकार देणं हा युक्तिवाद नव्हे.

लायसन राजची भीतीही इथेच मिटते. आपल्याला चटके बसले ते संख्येवर कुलूप घालणाऱ्या परवान्यांचे. रिक्षाची परमिटं गोठवून ठेवली, मग ती परमिटं भाड्याने फिरू लागली, लाखांत विकली जाऊ लागली. चालकाच्या लायसनचं तसं झालं नाही, कारण त्याला कोटा नाही. परीक्षा दिली की मिळालं. एसी तंत्रज्ञाच्या परवान्याला संख्येची मर्यादा असता कामा नये, शहराची असता कामा नये, शिक्षणाची अटही असता कामा नये. आझमगढहून आलेला असो की आंबेजोगाईहून, दहावी नापास असो की अभियंता, जो उभा राहून चार गोष्टी करून दाखवेल त्याला तो मिळालाच पाहिजे: नायट्रोजनने गळती तपासणं, व्हॅक्यूम काढून तो टिकतो हे दाखवणं, गॅस काट्यावर तोलून भरणं, आणि जुना गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत घेणं. परीक्षा मराठीत आणि हिंदीत, आणि लिहिता न येणाऱ्याला तोंडी.

लायसन एजंटकडून मिळतं, इथेही तेच होईल, हे म्हणणं मी झटकून टाकत नाही. म्हणूनच परीक्षा लेखी कमी आणि यंत्रावर जास्त हवी. गेजवरचे आकडे नोंदले जावेत, आणि यादी सार्वजनिक असावी, म्हणजे दार उघडणाऱ्या बाईला समोर उभ्या माणसाचा क्रमांक मोबाइलवर पडताळता येईल. तरी काही खोटी प्रमाणपत्रं निघतील. निघाली तर रद्द करता येतील. आज रद्द करण्यासारखं काही अस्तित्वातच नाही.

पोटावर पाय देण्याबद्दल मात्र मला रागानेच बोलावं लागेल. आज ही पोरं कशी मरतात ते या आक्षेपात कुठेच नसतं. घर बदलताना एसी काढणं हा आपल्या शहरांतला मोठा धंदा आहे; अकरा महिन्यांचा करार संपला की कुटुंबासोबत एसीही नव्या घरी जातो. त्या वेळी कॉम्प्रेसर चालू ठेवून सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात, त्याला पंप-डाउन म्हणतात. व्हॉल्व्ह बंद करायचा क्रम चुकला, कॉम्प्रेसर चालू असतानाच नट सैल केला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. हवा आणि तेलाची वाफ एकत्र दाबली गेली की डिझेल इंजिनात होतं तेच होतं, फक्त इथे स्फोट धरून ठेवायला दणकट सिलिंडर-ब्लॉक नसतो. गळती तपासायला नायट्रोजन नाही म्हणून वेल्डिंगच्या संचातला ऑक्सिजन नळीत सोडणारेही आहेत. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर काय होतं, हे सांगायला त्या पोरांना कुणी भेटलेलं नसतं. हे दोन धडे शिकवायला एक सकाळ पुरते. ती सकाळ सक्तीची करणं म्हणजे पोटावर पाय, आणि ती न देता माणसाला छज्ज्यावर पाठवणं म्हणजे रोजगार, हे मला मान्य नाही.

आणि तो छज्ज्यावर असतो कुणाचा माणूस म्हणून? गिऱ्हाइकाने पैसे दुकानाला दिले. दुकानाने बसवण्याचं काम कंपनीच्या एजन्सीला दिलं. एजन्सीने ते नगामागे ठरावीक दराने एका ठेकेदाराला दिलं. ठेकेदाराने दोन पोरं पाठवली, एक शिकलेला, एक हेल्पर, दोघेही कुणाच्या हजेरीपटावर नाहीत. पट्टा नाही, दोर नाही, खिडकीच्या ग्रिलला धरून एक पाय स्टँडवर. तो पडला की या साखळीतली प्रत्येक कडी तो आपला नव्हता असं सांगते, आणि कागदावर ते खरंही असतं. अधिकृत सर्व्हिस सेंटर आहेत ना, असं म्हणणाऱ्यांनी ही साखळी एकदा शेवटच्या कडीपर्यंत मोजावी. तंत्रज्ञाला प्रमाणपत्र लागावं तसा ठेकेदाराला परवाना लागावा तो यासाठी. प्रत्येक कामावर एका परवानाधारकाचं नाव असलं पाहिजे, त्याच्याकडे पाठवलेल्या माणसांचा अपघात विमा असला पाहिजे, आणि पट्टा-दोराशिवाय उंचीवर माणूस चढवला तर परवाना गेला पाहिजे. या व्यवस्थेत ज्याच्या पोटावर पाय पडेल तो ठेकेदार, त्याने पाठवलेला पोरगा नव्हे.

कोकणातून, मराठवाड्यातून आखातात गेलेल्या पोरांना हे नवं वाटणार नाही. तिकडे जायचं तर ट्रेड टेस्ट द्यावी लागते. भरती एजन्सीच्या शेडमध्ये उभं राहून नळी कापून, फ्लेअर करून, ब्रेझिंग करून दाखवावं लागतं. सौदी अरेबियाने भारतातच घ्यायला सुरू केलेल्या कौशल्य पडताळणीत वीजतंत्री, प्लंबर, वेल्डर यांच्यासोबत एसी तंत्रज्ञही सुरुवातीपासून आहे. परीक्षेने तो पोरगा धंद्यातून बाहेर फेकला गेला नाही, उलट त्याला तिथला पगार मिळाला. रियाधच्या घरात एसी लावायला जी परीक्षा लागते ती दादरच्या घरासाठी का लागू नये, याचं उत्तर विरोधकांकडे नाही.

काम महागेल का? थोडं महागेल. व्हॅक्यूम पंप, वजनकाटा, रिकव्हरीचं यंत्र, विमा, सगळ्याला पैसे पडतात. आज आपण ते पैसे कॉम्प्रेसर बदलण्यात, वाढीव बिलात आणि दर उन्हाळ्याच्या ‘गॅस संपला’मध्ये देतोच. गॅस संपत नाही, गळतो. चांगल्या जोडलेल्या यंत्रात तो वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. दरवर्षी गॅस भरून घेणारं घर दरवर्षी वाईट कामाचे पैसे भरत असतं.

कायद्याला वेळ लागेल हे मला माहीत आहे. पण सरकार स्वतःच एसीचं फार मोठं गिऱ्हाईक आहे. मंत्रालयापासून तहसीलपर्यंत, न्यायालयं, विद्यापीठं, जिल्हा रुग्णालयं, सगळीकडे देखभालीची वार्षिक कंत्राटं निघतात. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि डझनाहून जास्त रुग्ण गेले; आग एसीपासून सुरू झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. परवाना असता तर ते टळलं असतं असा दावा मी करणार नाही. पण रुग्ण उठून पळू शकत नाहीत अशा खोलीतल्या यंत्राला हात कुणी लावला आणि त्याला काय येत होतं, हे आधीच लिहून ठेवलेलं असावं, यावर दुमत होऊ नये. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेने पुढच्या निविदांत एवढी अट घालावी: यंत्र उघडणारा प्रत्येक माणूस प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण असेल, त्याचं नाव आणि क्रमांक कामाच्या नोंदवहीत असेल, आणि भरलेला व काढलेला गॅस ग्रॅममध्ये लिहिलेला असेल. त्यासाठी विधिमंडळात जावं लागत नाही, आणि येत्या मार्चच्या कंत्राटांपासून ते करता येतं.